पाहुण्यांना संभाजीनगर दाखवायचं ते अर्ध्या-अर्ध्या दिवसानं

गावाकडचा पाहुणा संभाजीनगरला नुसता फिरायला म्हणून क्वचितच येतो. कुणाची घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, तपासणीची तारीख असते, कुणाचा खंडपीठात दावा असतो, कुणाच्या लेकराला कॉलेजात टाकायचं असतं. त्यालाच जोडून ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर वेरूळ बघून घेऊ’ असं ठरतं. मग यजमान घाईघाईनं गाडी सांगतो, एका दिवसात सात ठिकाणं कोंबतो, आणि संध्याकाळी मकबऱ्याच्या दारात आज्जी म्हणतात, “तुम्ही जाऊन या बाबा, मी बसते गाडीतच.”

हे टाळायचं तर दिवस मोजायचे नाहीत, अर्धे दिवस मोजायचे. सकाळचा अर्धा 7 ते 12, संध्याकाळचा अर्धा साडेचार ते 9. मधला वेळ जेवणाचा आणि आडवं होण्याचा. त्याला हात लावायचा नाही. एका अर्ध्यात एकच ठिकाण. पाहुणे चार दिवस असतील तर आठ अर्धे हातात येतात. दवाखाना किंवा कोर्टाच्या कामात दोन गेले, एक नुसत्या गप्पांचा ठेवला, तर पाच उरतात. त्यातला दीड वेरूळला लागतो. अजिंठा दोन्ही अर्धे खातो आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही ढिली करून जातो. हा हिशेब कागदावर मांडला की काय गाळायचं ते आपोआप कळतं.

आधी वार बघा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. हे दोन वार उलटे लक्षात राहिल्यानं शंभर किलोमीटर जाऊन बंद फाटक बघून परतलेली कुटुंबं दर मोसमात दिसतात. पाहुणे शनिवारी रात्री आले आणि तीन दिवस राहिले तर काय होतं ते बघा: रविवारी वेरूळला जत्रेसारखी गर्दी, सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. त्यापेक्षा बुधवारी संध्याकाळी यायला सांगा. गुरुवारी वेरूळ, शुक्रवारी अजिंठा, शनिवारी शहर, रविवारी सकाळी परतीची गाडी.

शनिवार-रविवारच मोकळे असतील तर वेरूळला रविवारी जा, पण सातच्या आत घर सोडा. शनिवारी त्याच रस्त्यावर खुलताबादच्या भद्रा मारुतीची गर्दी असते. श्रावणातल्या शनिवारी तर आदल्या रात्रीपासून पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, त्यात गाडी घालू नये. श्रावणातल्या सोमवारी घृष्णेश्वराच्या रांगेतच अर्धा दिवस जातो. मात्र पाहुण्यांना दर्शनच हवं असेल तर तो अर्धा दर्शनालाच द्यावा, लेणी दुसऱ्या दिवशी.

14 जानेवारीला नामविस्तार दिनानिमित्त विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराकडे जाणारे रस्ते माणसांनी फुललेले असतात. 1994 साली याच तारखेला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. त्या गेटसमोर नतमस्तक व्हायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हाच सगळ्यात मोठा दिवस. त्यांनी सकाळी लवकर, पायी जायच्या तयारीनं निघावं. बाकीच्यांनी त्या दिवशी मकबरा आणि शहरातली लेणी या बाजूचा बेत ठेवू नये.

मुंबईहून देवगिरी एक्सप्रेससारख्या रात्रीच्या गाडीनं येणारे भल्या पहाटे उतरतात. त्यांचा पहिला सकाळचा अर्धा झोपेचा समजा. स्टेशनवरून आणून, चहा पाजून थेट वेरूळला नेलेला माणूस कैलास लेण्यात उभ्या-उभ्या डुलक्या घेतो.

पाणी: इथं चुकलं तर सगळं चुकतं

संभाजीनगरात राहणाऱ्याला हे सांगायला नको, तरी पाहुण्यांच्या वेळी नेमकं इथंच चुकतं. आपल्या बहुतेक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. म्हणून पाहुण्यांचं तिकीट काढण्याआधी पाण्याची पाळी बघा आणि पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते पोहोचतील असं जमवा.

हिशेब असा. बादलीनं अंघोळ, संडास, भांडी मिळून एका माणसाला काटकसरीनं साधारण 60 लिटर लागतं. सहा पाहुणे चार दिवस म्हणजे 1,440 लिटर, आणि हे घरच्या नेहमीच्या वापरावर. गच्चीवरची टाकी 1,000 लिटरची असते, त्यामुळे ती भरलेली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हौद असेल तर तो काठोकाठ, नसेल तर 200 लिटरचे दोन ड्रम धुऊन भरून, झाकण लावून ठेवा. तरीही कमी पडेल असं वाटलं तर टँकर दोन दिवस आधी सांगा. उन्हाळ्यात आणि लग्नसराईत आयत्या वेळी टँकर मिळत नाही. शिवाय टँकरचं पाणी हजारोंनी लिटर येतं. ते रिकामं करायला हौद किंवा शेजाऱ्याची टाकी लागते, याचा विचार आधी करावा.

शॉवर पाहुणे येण्यापूर्वीच बंद करून ठेवा. रोज नळाला पाणी असलेल्या गावाहून आलेली लेकरं शॉवरखाली उभी राहिली की एकेक जण तीन बादल्या संपवतो, आणि पाहुण्याच्या लेकराला रागावणं बरं दिसत नाही. बाथरूममध्ये भरलेली बादली आणि मग ठेवला की न सांगता काम होतं. पहिल्याच संध्याकाळी चहा पिताना मोठ्यांना सरळ सांगा, “आमच्याकडं पाणी अमुक वारी येतं, तोवर एवढ्यातच भागवायचंय.” मराठवाड्यातला माणूस पाण्याची अडचण अर्ध्या शब्दात समजतो. लपवलं तरच पंचाईत होते.

पिण्याचं वेगळं धरा: उन्हाळ्यात माणशी 4 लिटर. 20 लिटरचा एक जार सहा जणांना दिवसभरही पुरत नाही. फिरायला निघताना माणशी दीड लिटर गाडीत हवंच.

झोपण्याची सोय त्या मानानं सोपी. गाद्या, उशा, चादरी गल्लीतल्या बिछायत केंद्रात दिवसावर भाड्यानं मिळतात. आणल्या की तासभर उन्हात टाका, म्हणजे कोंदट वास जातो. उन्हाळ्यात कूलर खिडकीत बसवा आणि समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवा बाहेर पडायला वाट नसली की खोलीत दमटपणा साठतो, अंग चिकचिकतं आणि पाहुणे म्हणतात कूलर बिघडलाय. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा प्रत्येकाला जाड पांघरूण लागतंच.

सकाळी सातला निघायचं तर सहाला काय खाणार?

सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे. आठ माणसांना अर्धा किलो मुरमुरे लागतात. फोडणी आधी तयार करायची: तेल, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, मूठभर शेंगदाणे, दोन मोठे कांदे, हळद, मीठ. कांदा मऊ झाल्यावरच मुरमुरे भिजवायचे. चाळणीत घेऊन वरून पाणी ओतायचं, हातानं खालीवर करायचं आणि लगेच मुठीनं अलगद दाबून पिळायचे. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत व्हायला हवं. मुरमुरे पाण्यात बुडवून मीठ शोधायला गेलात तर परत येईपर्यंत लगदा झालेला असतो. फोडणीत टाकून दोन मिनिटं परतायचे, वर डाळव्याचं कूट दोन चमचे, कोथिंबीर, लिंबू. पोहे भिजवून वाट बघण्यापेक्षा हे लवकर होतं आणि पोटाला जड पडत नाही.

बरोबर न्यायला धपाटे. माणशी तीन धरले तर आठ जणांना 24. त्याला ज्वारीचं पीठ 1 किलो, कणीक पाव किलो, बेसन पाव किलो. तीळ, ओवा, जिरं, लसूण-मिरचीचा ठेचा, हळद, मीठ, चिरलेली कोथिंबीर. पीठ दह्यात किंवा ताकात मळा म्हणजे धपाटा दुपारीही मऊ राहतो. नुसत्या पाण्यात मळला तर अकरा वाजताच कडक होतो. प्रवासाच्या धपाट्यात कांदा घालू नका. घरी खायला कांद्याची चव न्यारीच, पण उन्हात गाडीत ठेवलेल्या डब्यात कांद्याला पाणी सुटतं आणि तीन-चार तासांत वास येतो. ओल्या फडक्यावर थापायचा, मधोमध बोटानं भोकं पाडायची, फडक्यासकट उचलून तव्यावर उलटा टाकायचा आणि फडकं एका कडेनं सावकाश सोडवायचं. फडकं ओढलं तर धपाटा फाटतो. फडकं फार कोरडं पडलं की पीठ चिकटतं, म्हणून दर दोन धपाट्यांनी पाण्याचा हात फिरवा.

खरी चूक पुढं होते. गरम धपाटे एकावर एक रचून डब्यात घातले की वाफ आतच अडकते, खालचे भिजतात आणि दुपारपर्यंत आंबतात. सुती धोतरावर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच गठ्ठा बांधा. सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी. दही न्यायचंच असेल तर वेगळ्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात.

वेरूळ: दीड अर्धा, आणि तो कसा वापरायचा

शहरापासून साधारण 30 किलोमीटर. सातला निघालं तर आठपर्यंत आत शिरता येतं. भारतीयांना तिकीट 40 रुपये आहे, 15 वर्षांखालच्या लेकरांना नाही. फाटकाशी क्यूआर कोड असतो, पण गर्दीत मोबाईलचं नेटवर्क अडतं, म्हणून तिकिटं आदल्या रात्री घरीच काढा आणि फोटो काढून ठेवा.

एकूण 34 लेणी: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. सगळी बघायची हट्टानं ठरवलं तर एकही धड बघून होत नाही. म्हातारी माणसं आणि लेकरं असलेल्या घोळक्यासाठी चारच निवडा: 16, 10, 12 आणि 32.

सुरुवात 16 नंबरच्या कैलासापासून. फाटकातून सरळ समोर तेच आहे, पाय ताजे असतात, आणि सकाळी अंगणात सावली असते. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे समोरून उजेड दुपारनंतर पडतो. फोटोचं वेड असलेले भाचे-पुतणे असतील तर त्यांना साडेतीनला वेगळं आणा. आज्जींना त्या उन्हात आणू नका.

कैलासात शिरलात की लगेच पायऱ्या चढू नका. अंगणातूनच पूर्ण प्रदक्षिणा घाला, ती सपाट आहे आणि गुडघे दुखणाऱ्यालाही जमते. मंदिर खडक वरून खाली कोरत आणून काढलेलं आहे, एकही दगड बाहेरून आणून रचलेला नाही, हे लेकरांना तिथंच दाखवा: बाजूच्या कड्याचा दगड आणि मंदिराचा दगड एकच. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम झालं. मग लेकरांना शोधकाम द्या. मंदिर पाठीवर घेतल्यासारखे उभे असलेले हत्ती किती, सोंड शाबूत असलेला कोणता? दक्षिण बाजूला कैलास पर्वत हलवणारा रावण कुठं? त्याच बाजूच्या भिंतीवर रामायणाची पट्टी आहे, उत्तरेच्या बाजूला महाभारताची. आज्जी-आजोबांना ही पट्टी वाचायला सांगा. वानरसेना, सेतू, हरणाची शिकार हे प्रसंग त्यांना आपल्यापेक्षा आधी ओळखू येतात, आणि मग गाईडचं काम तेच करतात. या सहलीतला सगळ्यात गोड तास हाच. तिथं घाई करू नका.

वरच्या मंडपाचा जिना उंच पायऱ्यांचा आणि अंधारा आहे. वर चपला काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात अकरानंतर दगड तापतो, म्हणून ज्यांना वर जायचंय त्यांनी साडेनऊच्या आत जावं आणि पायात मोजे ठेवावे. कैलास वरून दिसावा म्हणून बाजूच्या डोंगरावर जाणारी पायवाट आहे. दृश्य अप्रतिम आहे, पण कडा थेट खाली तुटलेला आहे. लहान लेकराचा हात सोडू नका, आणि पावसाळ्यात शेवाळलेलं असताना तिकडं जाऊच नका.

नंतर दक्षिणेकडं 12 नंबरचं तीन ताल (तळमजलाच पुरे) आणि 10 नंबरचं विश्वकर्मा. त्याच्या छताला लाकडी वाशांसारखे दगडी वासे आहेत, म्हणून लोक त्याला सुताराचं झोपडं म्हणतात. आत गाणं म्हटलं की आवाज घुमतो. कुणी अभंग म्हणणारं असेल तर हळू आवाजात दोन ओळी म्हणू द्या. जैन लेणी तिथून दोनेक किलोमीटर उत्तरेला आहेत. चालत जाऊ नका, आवारातल्या गाडीनं जा. 32 नंबरची इंद्रसभा लहान, नाजूक आणि बहुधा रिकामी असते. पावसाळ्यात 29 नंबरजवळ धबधबा पडतो, तो बघायला मिळाला तर एखादं लेणं गाळलं तरी चालेल.

माकडं पिशवी ओळखतात. कॅरिबॅगचा आवाज झाला की झडप येते, म्हणून खाण्याचं सगळं पाठीवरच्या बंद पिशवीत, आणि डबा लेण्यांत नाही, बाहेर झाडाखाली किंवा हॉटेलात उघडायचा. कड्यांना आग्यामोहोळं असतात. त्यांच्याखाली धूर, आरडाओरडा, तीव्र अत्तर नको.

साडेअकराला बाहेर पडा. घृष्णेश्वर किलोमीटरभरावर आहे. पुरुषांना गाभाऱ्यात जायला कमरेवरचे कपडे काढावे लागतात, चामड्याचा पट्टा आणि मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, तेव्हा सामान राखायला एक जण मागं राहील अशा दोन तुकड्या करा. दुसरी तुकडी जाईपर्यंत पहिलीनं डबा उघडावा. अडीचला घरी. उरलेला अर्धा झोपेचा, आणि संध्याकाळी कुठंही नाही.

देवगिरी किल्ला वाटेवरच, शहरापासून पंधरा किलोमीटरवर. येता-जाता करून टाकू असं सगळे म्हणतात, करू नका. वरपर्यंत सातशेच्या वर पायऱ्या आहेत आणि चढून उतरायला तीन तास लागतात. कॉलेजातली पोरं असतील तर त्याला स्वतंत्र सकाळ द्या, बरोबर टॉर्च घ्या. किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेत वटवाघळांचा वास आणि ओली जमीन असते, म्हणून गुळगुळीत तळव्याची चप्पल चालत नाही. मोठ्यांनी पंधराव्या शतकातला चाँद मिनार, भारतमातेचं मंदिर आणि खालच्या तोफा बघून झाडाखाली बसावं. रविवारी किल्ल्याजवळच्या अरुंद दरवाजात वाहनं अडकतात, तिथं अर्धा तास सहज जातो.

अजिंठा

शंभर किलोमीटर, सव्वादोन-अडीच तास. जाऊन-येऊन पाच तास गाडीत आणि चार तास पायावर. सत्तरीच्या पुढच्या माणसाला न्यावं का, हे त्यांच्या हौसेवर नाही, गुडघ्यांवर ठरवा. डोलीची सोय असते, बसण्याआधीच भाव ठरवून घ्यावा आणि जाण्या-येण्याचा मिळून आहे का ते विचारावं. तिकीट इथंही 40 रुपयेच.

आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटवरच थांबते, तिथून चार किलोमीटर बसनं जायचं. पार्किंगमध्ये उतरल्याबरोबर दुकानदार हातात चमकता दगड ‘भेट’ म्हणून ठेवतात. तो घेतला की परतीला त्याच दुकानात जाण्याचं ओझं होतं, तेव्हा हात जोडून पुढं निघा.

1, 2, 16, 17, 19 आणि 26 एवढी बघितली तरी अजिंठा बघितल्याचं समाधान मिळतं. 1 नंबरात पद्मपाणी, 26 नंबरात महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि उजेड मंद ठेवलेला असतो. उन्हातून आत आल्यावर पहिलं मिनिट काहीच दिसत नाही. नेमकी तेव्हाच माणसं ‘काळंच दिसतंय सगळं’ म्हणून बाहेर पडतात. आत गेल्यावर एका खांबाशी दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहायला सांगा. डोळे सरावले की भिंतीवर चेहरे उमटायला लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात वाघोरा नदीला पाणी आणि डोंगर हिरवा असतो, तो काळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये पाहुण्यांना तिकडं नेऊ नये.

गाडी ठरवताना एक बघा. बाहेरगावच्या फेरीला बहुतेक जण दिवसाचे किमान 300 किलोमीटर धरतात. अजिंठा जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास होतं, म्हणजे न चाललेल्या शंभर किलोमीटरचे पैसेही लागतात. म्हणून ‘अजिंठा जाऊन-येऊन एकरकमी किती’ असा भाव विचारा. त्यात डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आलाय का ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सात जणांच्या गाडीत सात मोठी माणसं बसतात खरी, पण मागच्या बाकावर गुडघे छातीशी येतात. आठ-नऊ जण असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर माणशी फार महाग पडत नाही. ड्रायव्हरच्या जेवणाचा डबा आपल्या धपाट्यांच्या मोजणीत धरा.

संध्याकाळचे अर्धे

शहरातली ठिकाणं संध्याकाळची. पहिल्या संध्याकाळी बीबी का मकबरा. साडेचारला पोचायचं, तिकीट 25 रुपये, आणि सूर्य कलताना घुमटाचा रंग बदलतो तो बघत हिरवळीवर बसायचं. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर. ‘ताजमहालची नक्कल’ एवढंच सांगून पाहुण्यांना फिरवू नका. संगमरवर कुठं संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठं सुरू होतो ते जवळ जाऊन हातभर अंतरावरून दाखवा. तो गिलावा एवढा गुळगुळीत आहे की नवखा माणूस फसतो, आणि हीच खरी कारागिरी. पाणचक्की जवळच आहे, पण ती पावसाळ्यानंतर दाखवावी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवलेलं आहे. पाणी जोरात पडत असलं तरच त्यात जीव येतो.

एक संध्याकाळ गुलमंडीला. गाडी घेऊन शिरू नका. क्रांती चौकापर्यंत या आणि तिथून रिक्षानं पैठण गेट. मग पायी टिळक पथानं गुलमंडी, रंगार गल्ली, सिटी चौक. ताई-माई-आत्या कापड बघत असताना लेकरं आणि पुरुषमंडळी कंटाळतात, त्यांना गरम इमरती खायला घाला. सगळ्यांनी सुटलं-फुटलं तर कुठं भेटायचं ते आधीच ठरवा, कारण गर्दीत फोनची रिंग ऐकू येत नाही.

हिमरू शाल घेताना उलटी करून बघा. हिमरूत नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे तरंगतात, ते असणारच. पैठणीचं नेमकं उलटं: हातमागाच्या पैठणीचा पदर आणि काठ दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, मागं कापलेले धागे लोंबत नाहीत. मागं दोऱ्यांचं जाळं असेल तर ती यंत्रमागाची. ती घेऊ नये असं नाही, फक्त हातमागाचा भाव देऊ नये. हातमाग चालताना बघायचा असेल तर पैठणला जा, 50 किलोमीटर. त्याच अर्ध्यात नाथांच्या समाधीचं दर्शन होतं, आणि हिवाळ्यात नाथसागरावर परदेशी पक्षीही दिसतात. फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास तिथं यात्रा असते. वारकरी पाहुण्यांना तेव्हाच न्या, बाकीच्यांना तेव्हा नको.

मांसाहारी पाहुण्यांना नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खायला घातल्याशिवाय पाठवू नका. नान तंदुरातून निघाल्यापासून तासाभरात खावं. घरी आणून रात्री खायचा बेत केला की ते चामट होतं आणि नाव बदनाम होतं. तुकडे करून खलियाच्या तर्रीत बुडवून, दोन मिनिटं मुरू देऊन खायचं.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर पाहुणे असतील तर एक सकाळ हुरड्याला द्या. शहराभोवतीच्या शेतांवर आगटी पेटवून हुरडा देणारे आहेत, शनिवार-रविवारी आधी सांगून ठेवावं लागतं. गुळभेंडी ज्वारीचा हुरडा आहे का ते विचारा, तो गोड आणि सहज सुटतो. कणीस फार कोवळं असेल तर दाणा दुधाळ होऊन चिकटतो, जून झालं तर चावत नाही; दाबल्यावर दाणा मऊ लागावा पण फुटू नये. खरपूस चटणी, गूळ, दही घेऊन दोन-तीन मुठी पोटभर होतात. त्यानंतर दुपारच्या जेवणाला फक्त ताक.

परत निघताना

शिदोरी आदल्या रात्री ठरवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास असतील तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं मिळतात. फळावरचे डोळे उघडून त्यांच्या फटी पिवळसर दिसायला लागलेली पण हाताला टणक लागणारी निवडा, ती दोन दिवसांनी गावी पिकतात. मऊ झालेली घेतली तर परभणी येईपर्यंत पिशवीतून रस गळतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचा थर देऊन, देठ वर करून, एकावर एक दोनच थर रचा आणि खोक्याला चार भोकं पाडा. खोकं गाडीत सीटखाली ठेवायचं, इंजिनाच्या बाजूला नाही.